एक ते तीन

सासऱ्यांचा उजवा हात जड झाला तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन वाजले नव्हते. घरात सगळ्यांना ‘तीनच्या सुमारास’ एवढंच माहीत आहे, कारण तसं मी सांगितलं. खरी वेळ दोघांनाच माहीत होती, त्यांना आणि मला. त्यांची वाचा त्याच दुपारी गेली. उरलो मी, आणि मी गप्प बसलो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मेहुण्याला नाही, कुठल्या डॉक्टरला नाही. देवापुढे हात जोडून उभा असतानासुद्धा मनातल्या मनात कधी नीट शब्दांत म्हटलेलं नाही. आज लिहितोय.

लिहायला बसल्यापासून तीनदा उठून आलोय. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, आणि एकदा उगाच.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा त्सुफेनहाउझेनला भाड्याच्या घरात राहत होतो. मी सॉफ्टवेअरमध्ये, बायको एका ऑफिसात अर्धवेळ, मुलगी सहा वर्षांची. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, म्हणून बायकोने वडिलांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सासरे एसटीत वाहतूक नियंत्रक होते, साताऱ्याच्या बाजूला. म्हणजे स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि माइकवर पुकारा करायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दोन गोष्टी सुटल्या नव्हत्या. एक आवाज, दुसरी वही.

आवाज असा, की स्वयंपाकघरातून त्यांनी ‘चहा टाकू का?’ एवढं विचारलं तरी खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बघायची. आणि वही खिशात मावेल एवढी, लाल पुठ्ठ्याची. पानावर पट्टीने मारलेले तीन रकाने: वेळ, तपशील, शेरा. तिच्यात ते सगळं लिहायचे. ‘७.१० दूध आणले. शेरा: पिशवी नाही, खोका.’ ‘९.४२ ची ट्राम ९.४५. शेरा: चालकाने दिलगिरी व्यक्त केली.’ आमच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकवायची. मला त्या पाटीचा धसका होता. सासऱ्यांना तिचा अभिमान. पाटी आली की पहाटेच पायजमा वर खोचून तीन मजले झाडून काढायचे आणि वहीत वेळ टाकायचे. खालची म्हातारी त्यांना ‘गूट, गूट’ म्हणाली तर हे तिला ‘गेनाऊ’ म्हणाले, म्हणजे ‘अगदी बरोबर’. तो एक शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यात उचलला आणि मिठासारखा सगळ्यावर टाकला.

माझं त्यांच्याशी वाकडं कधीच नव्हतं. पण ते जुन्या वळणाचे. मुलीच्या घरी आलेला बाप, म्हणजे पाहुण्याहूनही एक पायरी खाली, असं त्यांनी स्वतःच ठरवून घेतलेलं. मला ‘अहो जावईबापू’ म्हणायचे. तिसरी पोळी घेताना माझ्याकडे बघायचे. काही दुखलंखुपलं तर मुलीला सांगायचे नाहीत, कारण तिचा जीव लगेच टांगणीला लागतो. मला सांगायचे, तेही सहज बोलल्यासारखं, विषय काढून विषय बदलायचा अशा बेताने. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटायचं. आपल्याला मानतात, असं.

वोनमोबिल भाड्याने घ्यायची कल्पना माझी. म्हणजे चालतं घर, आत दोन पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. मला त्या काळात एका जागी बसवत नसे. प्रत्येक शनिवारी कुठला तरी किल्ला, कुठलं तरी तळं; सासऱ्यांना दाखवायचं म्हणून सगळ्यांना गाडीत कोंबायचं. आठ वर्षं इथे काढली होती तरी आपण इथले झालो का, हे मला कळत नव्हतं. सासऱ्यांना देश दाखवता दाखवता मी बहुधा स्वतःलाच पुरावे देत होतो. तर चार दिवस मोझेल नदीच्या काठाने जायचं, एका कॅम्पिंगवर मुक्काम करायचा, असा बेत ठरला. बायको म्हणाली, ‘बाबांना झेपेल का रे?’ सासरे म्हणाले, ‘तीस वर्षं लोकांना गाड्यांत बसवलं. आता मला कुणी बसवतंय तर नको कशाला म्हणू?’

आम्ही पोचलो एक वाजून वीस मिनिटांनी. समोर लाल-पांढरा आडवा बांबू. इथे त्याला श्रांके म्हणतात; आपल्याकडे रेल्वे फाटकाला असतो तसा. बाजूला पाटी: दुपारची विश्रांती, एक ते तीन. त्या दोन तासांत गाडी आत येणार नाही, बाहेर जाणार नाही, रेडिओ नाही, हातोडी नाही, मोठ्याने बोलणं नाही. मला हा नियम माहीत होता, पण रस्त्यात उशीर झाला. गाडीत उकडत होतं. खांबावर एक घंटा दिसली, ती मी दाबली.

कॅम्पिंगचा राखणदार बाहेर आला. साठीचा, अंगाने जाड, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच. त्याने आधी पाटीकडे बोट दाखवलं, मग घंटेखालच्या छोट्या पाटीकडे. तिच्यावर लिहिलं होतं की ही घंटा फक्त अडीअडचणीच्या वेळी. ‘वाचता येतं ना?’ असं तो म्हणाला. म्हणाला की मला फक्त तसं वाटलं, हे आता मला नक्की सांगता येत नाही. मी माफी मागितली, दोनदा. आम्ही रस्त्याकडेच्या सफरचंदाच्या झाडाखाली तीन वाजेपर्यंत बसून राहिलो.

सासरे मात्र खूश होते. ‘म्हणजे एक ते तीन बंद? मग तुमच्या पुण्याच्या दुकानदारांनी हे इथून उचललं, का यांनी पुण्याहून?’ मी पुण्याचा, त्यामुळे हा टोमणा मला होता. बायको खूप हसली. बरोबर तीनला बांबू वर गेला तेव्हा सासऱ्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघून मान डोलावली आणि वही काढली. ‘१.२० आगमन. ३.०० प्रवेश. शेरा: शिस्त उत्तम.’

जागा सुरेख होती, हे कबूल करायला हवं. आमच्या गाडीपासून वीस पावलांवर पाणी. समोरच्या काठावर द्राक्षांचे मळे इतके उभे, की तिथे माणसं दोराला धरून काम करत असतील असं वाटावं. पाण्यातून सपाट, लांबलचक मालवाहू बोटी जायच्या, कोळसा भरलेल्या, कधी खडी. थोडं वर एक छोटी फेरी होती, गाड्या आणि माणसं पलीकडच्या गावात नेणारी. सासऱ्यांना तो सगळा मामला स्टँडसारखा वाटला. त्यांनी खुर्ची टाकली आणि बोटींच्या वेळा लिहायला घेतल्या.

मुलगी त्यांच्या मांडीला टेकून. ती मराठी समजायची, उत्तर जर्मनमध्ये द्यायची, आणि आजोबांना जर्मन कळत नसे. तरी दोघांचं तासन् तास चालायचं. आजोबांनी तिला पुकारा शिकवला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती खुर्चीवर उभी राहून, मुठीचा माइक करून, कोळशाच्या बोटीकडे बघत म्हणाली, ‘कोब्लेन्झकडे जाणारी गाडी, फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.’ संपूर्ण वाक्य, मराठीत. तिच्या तोंडून इतकं लांब मराठी आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी ‘शाब्बास, आता असं म्हण’ म्हणून आपल्या मूळ आवाजात, छाती भरून, तोच पुकारा करून दाखवला.

दीड वाजला होता.

शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या जोडप्याच्या खिडकीवर वर्ल्डकपचा झेंडा अजून लटकत होता. त्या झेंड्यामागचा पडदा हलला. पाच मिनिटांत राखणदार आला. आमच्याशी नाही, माझ्याशीच बोलला, हळू आवाजात, आणि हळू आवाजात बोलला म्हणूनच ते जास्त लागलं. काल घंटा, आज हे. इथे लोक विश्रांतीला येतात. तिसऱ्यांदा यायला लागू नये. मी ‘हो, हो, गेनाऊ’ करत राहिलो. माझं वय तेव्हा छत्तीस होतं. कान तापले होते शाळेतल्यासारखे.

तो गेला आणि मी सासऱ्यांकडे वळलो. काय म्हणालो ते शब्द न शब्द आठवतं. ‘बाबा, एक ते तीन तोंडातून आवाज काढायचा नाही. आपल्यामुळे मला ऐकून घ्यावं लागतं.’

बायको म्हणाली, ‘अरे, असं काय बोलतोस?’

सासरे उठून उभे राहिले, जावयासमोर उभं राहतात तसे. ‘नाही, बरोबर आहे त्यांचं. चूक माझी. नियम म्हणजे नियम.’ आणि त्यानंतर ते एक ते तीनच काय, दिवसभर कुजबुजत बोलले. मुलीलाही ते कुजबुजणं आवडलं. तिला वाटलं नवा खेळ आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

आता तिसरा दिवस.

सकाळी सासरे नदीवर हात-तोंड धुऊन, सूर्याला ओंजळभर पाणी सोडून आले. तेसुद्धा इकडेतिकडे बघून. जेवण लवकर झालं. बायको आणि मुलगी साडेबाराच्या फेरीने पलीकडच्या गावात गेल्या, तिथे पोहण्याचा तलाव होता. तीनच्या आत परत येतो म्हणाल्या. मी भांडी विसळून गाडीला लावलेल्या कापडी छताखाली खुर्चीत बसलो होतो. सासरे शेजारच्या खुर्चीत, मांडीवर वही.

‘अहो जावईबापू,’ ते कुजबुजले.

मी बघितलं.

‘हा हात जरा जड वाटतोय. पेन धरवत नाही नीट.’ आणि उजव्या हाताकडे असे बघत होते, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि त्यांच्या मांडीवर ठेवून तो माणूस कुठेतरी गेलाय.

मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाले. जीभ शब्दांवर जरा घसरत होती. कुजबुजत बोलतायत म्हणून शब्द अडखळतायत, असं मी धरलं. धरलं म्हणजे, धरायचं ठरवलं. माझ्या स्वतःच्या काकांना झटका आलेला मी बघितला होता, पंचवीस वर्षांचा असताना, समोर. हात जड होणं म्हणजे काय असू शकतं, हे मला माहीत होतं. डोक्यात तो शब्द आला होता. हे मी आज लिहितोय: शब्द आला होता, आणि मी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा.

बांबू खाली होता. घंटा होती. मला घंटा दिसत होती बसल्या जागेवरून, खांबावर, काळं बटण. आणि तो रुमाल गळ्यात अडकवून बाहेर येणारा माणूस दिसत होता. तिसऱ्यांदा. शेजारचा पडदा दिसत होता. समजा काही नसेल, नुसता हात अवघडला असेल, तर? मी त्याला काय सांगणार होतो, कुठल्या तोंडाने?

मी म्हणालो, ‘उन्हात बसलात म्हणून असेल. आत जाऊन पडा थोडं. तीनला श्रांके उघडलं की दाखवून येऊ कुणाला तरी.’

ते म्हणाले, ‘बरं.’

मग वहीत काहीतरी लिहिलं, फार सावकाश. उठताना तोल गेला, मी दंड धरला. दंडातही जीव नव्हता. पलंगावर आडवं केलं, उशी दिली. डाव्या हाताने त्यांनी माझा हात थोपटला. हे मला सगळ्यात जास्त सलतं. मला धीर देत होते ते.

पुढचे दोन तास मी काय केलं? काहीच केलं नाही, आणि एका जागी बसलोही नाही. नदीपर्यंत गेलो, परत आलो. टाकीतलं पाणी तपासलं. छताचे दोर, जे घट्टच होते, ते घट्ट केले. बोटी मोजल्या: अकरा. एकदा शौचालयाच्या इमारतीपर्यंत जाऊन दारातूनच परतलो. दोनला पाच कमी असताना आत डोकावलो. ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. ओठाचा उजवा कोपरा ओला होता. मी विचारलं, ‘बरं वाटतंय ना?’ त्यांच्या घशातून आवाज आला, त्याचा शब्द झाला नाही. वही छातीवर होती. मी ‘पडा, पडा’ म्हणून बाहेर आलो. त्या वेळी तर कुठलाही माणूस धावला असता. मी नाही धावलो, कारण आता धावायचं तर पाऊण तास आधी का नाही, हे कबूल करावं लागणार होतं. उशीर असा वाढत जातो. पहिल्या दहा मिनिटांना लपवायला पुढची दहा लागतात.

तीनला पाच कमी असताना बायको आणि मुलगी आल्या, ओल्या केसांनी. बायको आत गेली आणि तिने मला हाक मारली. तशी हाक तिने आधी कधी मारली नव्हती, नंतर कधी मारली नाही.

ती पलंगापाशी गुडघ्यावर होती. ‘कधीपासून असे आहेत? अरे, कधीपासून?’

‘आत्ताच,’ मी म्हणालो. ‘आत्ता, तीनच्या सुमारास. पडले होते, मला वाटलं झोपलेत.’

सासरे माझ्याकडे बघत होते.

मुलगी धावत जाऊन घंटा दाबून आली होती, कुणी न सांगता. राखणदार आला, एका नजरेत समजला, आणि तिथूनच फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्स यायला पंधरा मिनिटं लागली. तोवर तो सासऱ्यांची मान धरून बसला, त्यांच्याशी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटत राहिला, लहान मुलाशी बोलावं तसं. बायको अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली. छत, दोर सोडवून आमची गाडी काढायला वेळ गेला असता, म्हणून मी मुलीला घेऊन मागून टॅक्सीने जायचं ठरलं. टॅक्सीची वाट बघताना तो माझ्याजवळ आला.

‘तुम्ही इथे होतात ना? सारखे फेऱ्या मारताना दिसत होतात खिडकीतून,’ तो म्हणाला. मी टॅक्सी येतेय का ते बघत राहिलो. तो म्हणाला, ‘दुपारची शांतता रेडिओसाठी असते हो. घंटा ह्यासाठी असते.’

रागावून नाही म्हणाला. समजत नसल्यासारखा म्हणाला. बायको तोवर अ‍ॅम्ब्युलन्समधून निघून गेली होती. तिने हे ऐकलं नाही.

हॉस्पिटलमध्ये साडेचारला एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. मेंदूत गुठळी आहे, ती विरघळवायचं औषध आहे, पण ते सुरुवात झाल्यापासून तीन तासांच्या आतच देतात. त्यानंतर दिलं तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून तिला नेमकी वेळ हवी होती. माझ्यापेक्षा बायकोचं जर्मन चांगलं. तीच बोलत होती. ती म्हणाली, ‘तीन वाजता. माझा नवरा त्यांच्याजवळच होता.’ आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, ‘तीनच ना?’

भिंतीवर घड्याळ होतं. खऱ्या हिशेबाने तीन तास वीस मिनिटं झाली होती.

मी मान हलवली. ती मान माझीच होती, दुसऱ्या कुणी धरून हलवली नाही.

औषध दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं की मेंदूत थोडा रक्तस्राव झालाय. असं कधी कधी होतं, औषध वेळेत दिलं तरी होतं. बायको म्हणाली, ‘निदान वेळेत तरी पोचलो आपण.’ उशिरामुळे किती गेलं, औषधामुळे किती गेलं, आणि काय तसंही जाणारच होतं, हे मला माहीत नाही. विचारायचं तर वेळ सांगावी लागली असती. म्हणून मी कधी विचारलंच नाही.

सासरे वाचले. दहा आठवड्यांनी व्हीलचेअरवरून परत नेलं. साताऱ्याला मेहुण्याकडे ते पुढे साडेतीन वर्षं होते. उजवी बाजू गेली होती. त्यांना सगळं कळायचं, बोलता मात्र एकच शब्द यायचा: बरं. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, राग आला तरी बरं. नुसता सूर बदलायचा. मेहुण्याची बायको म्हणायची, बाबांचा स्वभावच असा गोड, म्हणून देवाने हाच शब्द ठेवला. घरच्यांना ते पटलं होतं. तो शब्द शेवटचा धडपणे कुणाला, कशाचं उत्तर म्हणून म्हटला गेला होता, ते मी एकटा जाणून होतो. मी दरवर्षी जायचो, पलंगाजवळ दहा मिनिटं बसायचो आणि काहीतरी काम काढून बाहेर पडायचो. एकदा आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, ‘बाबा, त्या दिवशी...’ त्यांनी डाव्या हाताने माझा हात थोपटला आणि म्हणाले, ‘बरं, बरं.’ मी पुढे बोललो नाही. ती क्षमा होती, का गप्प बसण्याची विनंती, का नुसताच तो एक शब्द? मला सोयीचं ते मी घेतलं.

आता वहीचं.

त्या दिवशी टॅक्सी यायच्या आधी मी पासपोर्ट घ्यायला गाडीत शिरलो, तेव्हा ती पलंगावर पडलेली होती. मी उघडली. शेवटच्या पानावर, अक्षर डोंगर उतरल्यासारखं घसरत गेलेलं: ‘१.१० उजवा हात जड. जावईबापूंना सांगितले. ३.०० ला निघणे.’ शेऱ्याच्या रकान्यात, जिथे गाडी का उशिरा सुटली ते नियंत्रक लिहितो, तिथे त्यांनी लिहिलं होतं: ‘कारण: दुपारची शांतता.’ तक्रार नव्हती ती. नोंद होती. आणि त्याच्याखाली आणखी एक वेळ, ‘१.४०’, तिच्यापुढे काहीच नाही; पेनाची एक रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

मी वही खिशात घातली. नंतर बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, धावपळीत पडली असेल कुठेतरी. तिने कॅम्पिंगवर फोन केला, हॉस्पिटलमध्ये फोन केला, दोन पत्रं लिहिली. राखणदाराने स्वतः झुडपांत शोधली म्हणे. मी ते सगळं शेजारी बसून ऐकलं.

तेव्हापासून मी परत कधी कॅम्पिंगला गेलो नाही. घर बदललं तीनदा, नोकरी दोनदा. सुट्टीच्या दिवशी एक ते तीन मला घरात थांबवत नाही. काहीतरी आणायचंय म्हणून बाहेर पडतो आणि काही न आणता येतो. बायकोने याला ‘ह्याची फेरी’ असं नाव पाडलंय. वही प्रत्येक घरात तळघरात, हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खालच्या कप्प्यात. तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

मुलगी आता कोलोनला शिकते. गेल्या महिन्यात घरी आली होती. जेवताना म्हणाली, मित्रमैत्रिणी मिळून मोझेलला वोनमोबिल घेऊन जाणार आहोत. मग अचानक, मराठीत, मुठीचा माइक करून, ‘कोब्लेन्झकडे जाणारी गाडी’ असा अख्खा पुकारा केला. बारा-तेरा वर्षांनी एक शब्द चुकला नाही. आणि म्हणाली, आजोबांच्या त्या लाल वहीत बोटींच्या वेळा होत्या, ती असती तर बरोबर नेली असती.

बायको ताट बाजूला सारून म्हणाली, ‘सगळं गेलं त्याचं नाही वाटत इतकं. पण ती वही तरी राहायला हवी होती. त्यांचं अक्षर होतं त्यात. शेवटचं.’

मी उठलो आणि पाणी आणायला गेलो. पाण्याचा जग टेबलावर भरलेला होता.

ती वही बायकोची आहे. ती तिला द्यायची आहे, शेवटच्या पानासकट, आणि देताना माझ्या तोंडाने सांगायचं आहे की वेळ एक वाजून दहा होती, मला माहीत होती, आणि डॉक्टरिणीसमोर तिच्या तोंडी जे खोटं गेलं ते माझं होतं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.